रानात तिरफळाचं झाड कसं ओळखायचं (आणि मिळालं की काय करायचं)

चतुर्थी जवळ आली की दरवर्षी कोणतरी विचारतंच, की बाबा तिरफळं, म्हणजे जेवणात घालायची ती मसाल्याची रानफळं, बाजारात मिळतात पण झाड कसं असतं ते दाखव एकदा. गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाटा घेणारे आपण सगळेच, पण झाडाखालून चालत गेलो तरी वर बघत नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

आधी खोड बघा. तिरफळाच्या खोडावर जाड, शंकूसारखे काटे असतात, बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार, अगदी उंचापर्यंत. पण नुसत्या काट्यांवर जाऊ नका, मी पहिल्यांदा सत्तरीत गेलो तेव्हा सावरीच्या झाडाखाली अर्धा तास मान वर करून उभा होतो, घोस कुठे दिसतात का बघत, शेवटी एक म्हातारे काका आले आणि हसत म्हणाले अरे ही सावर, हिला कापूस येतो. सावरीचं पान हाताच्या पंजासारखं, एका देठावर पाच-सात पानं पसरलेली. पांगाऱ्यालाही काटे असतात पण त्याची पानं तीन-तीनची, पळसासारखी. तिरफळाचं पान मात्र लांब देठाला दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने पानं लागलेलं, कडुनिंबासारखं म्हणा ना, आणि ही पानं फांदीच्या टोकाला गर्दी करून असतात.

आता खरी परीक्षा नाकाची. एक पान तोडून चोळा. लिंबाची साल आणि मिरी एकत्र कुटल्यासारखा वास आला की समजा झालं काम, कारण हे झाड लिंबाच्याच कुळातलं आहे, आणि चिनी जेवणातली सिचुआन मिरी म्हणजे त्याची चुलत बहीण. अमेरिकेत ससाफ्रास नावाचं झाड आहे तेही लोक असंच पान चोळून ओळखतात, आणि तिकडे लुईझियानात त्याची वाळवलेली पानं कुटून गम्बो नावाच्या रश्श्यात घालतात, म्हणजे रानातला वास जेवणात आणायची खोड सगळीकडे सारखीच. सावर कितीही चोळा, असा वास येणार नाही.

कुठे शोधायचं? सत्तरी, सांगे, काणकोण, म्हणजे घाटाच्या पायथ्याची रानं, आणि जुन्या कुळागरांच्या, म्हणजे पोफळीच्या बागांच्या, कडेला. अभयारण्यात मात्र हात लावायचा नाही, म्हादई असो की नेत्रावळी, तिथून काही तोडून आणणं हा गुन्हा आहे, गणपतीच्या वर रानफळं बांधतो त्या माटोळीचं कारण कोण ऐकून घेत नाही. कुळागराच्या बांधावर असेल तर मालकाला विचारा, बहुतेक लोक नको म्हणत नाहीत, उलट चार घोस जास्त देतात.

हिरवे घोस चतुर्थीच्या सुमाराला, पुढे पाऊस ओसरला की फळं तपकिरी होऊन तडकतात. झाडावर चढायचा विचारच सोडा, काटे सोलून काढतात. लांब आकडी घ्या, खाली जुनी चादर पसरा आणि बारीक डहाळीच ओढा, फांदी मोडू नका. पायात बूट हवेच, पावसात त्या पानांत फुरसं कुठे बसलंय कळत नाही, आणि हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, तर वरून अंगावर पडतातच. हो, फळं हाताळून डोळे चोळू नका, मी चोळलेत.

घरी आणल्यावर ताजी हिरवी मिठाच्या पाण्यात बरणीत घालून ठेवता येतात. बाकीची सुकवायची, ऊन असेल तर उन्हात, नाही तर चुलीच्या वर सुपात. सुकली की आपोआप फुटतात आणि आतली काळी चकचकीत बी दिसते, ती सगळी काढून टाकायची, कंटाळवाणं काम आहे पण करा, बी दाताखाली कचकचते. वास सगळा सालीतच.

वापर सगळ्यांना माहीतच आहे, बांगड्याचं नाही तर तारल्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, उडदामेथी, आणि शाकाहारी घरात खतखतं, त्यात तिरफळ नसलं तर ती नुसती मिक्स भाजी. पण एक चूक नवीन लोक हमखास करतात, तिरफळं खोबऱ्याच्या वाटणात घालून मिक्सरला लावतात, मग सगळं हुमण कडू. चार-पाच बांगड्यांना आठ-दहा सालं पुरतात, थोड्या पाण्यात हलकी ठेचायची आणि ते पाणी सालांसकट शेवटी शेवटी घालायचं, मग एक उकळी, वरून कच्चं खोबरेल. तिरफळ असेल त्या हुमणात आमच्या घरी कांदा-लसूण पडत नाही, आईचा नियम. दाढ दुखली की जुनी माणसं एक साल दाढेखाली धरून ठेवायची, जीभ आणि हिरडी बधिर होते तेवढा वेळ आराम, पण दाढ किडलेलीच असते, डॉक्टरकडे जावंच लागतं.

आणि पानात आलेली साल चावायची नाही, बाजूला काढून ठेवायची, हे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाढायच्या आधी सांगा. आमच्याकडे एकदा राहून गेलं, भावोजी पाच मिनिटं जीभ बाहेर काढून बसले होते आणि मग सोलकढीचे तीन पेले गेले.