धूर घरातला, कायदा दाराबाहेरचा

लालबागला चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी बेल वाजवतंच. "मॅडम, खालच्यांच्या सिगारेटचा वास आमच्या बाथरूममध्ये येतो. सरकारचा कायदा आहे ना?"

आहे. पण तो कुठपर्यंत येतो ते आधी समजून घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतील. सार्वजनिक ठिकाणी ओढायचं नाही, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला; याचिका आपल्या मुंबईच्याच मुरली देवरांची. मग २००३ चा तंबाखू कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. थिएटर, ऑफिस, हॉस्पिटल, स्टेशन अशा ठिकाणी दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो. राहत्या घराच्या उंबरठ्यावर मात्र हा कायदा थांबतो.

माझं मत विचाराल तर तिथेच थांबावा. कोण कुठल्या खोलीत काय ओढतंय हे बघायला आज हवालदार आत आला, तर उद्या आणखी कशाकशाला येईल, सांगता येत नाही. पण त्याला बाहेर ठेवायचं असेल तर आतला नियम आपणच करायला हवा. आणि तो करताना आधी विचार करायचा तो ज्याला उठून बाहेर जाता येत नाही त्याचा. रांगतं मूल, अंथरुणाला खिळलेली आजी, दम्याचा पेशंट.

घरच्या माणसाशी बोलायचं कसं? तो पेटवत असताना नाही, आणि त्याच्या मित्रांसमोर तर मुळीच नाही. मी माझ्या दिरांना रविवारी जेवणं झाल्यावर गाठलं. "भाऊजी, सोडा असं मी म्हणतच नाही. फक्त घरात नको. छोटीला रात्री वाफ द्यावी लागते, तुम्ही बघताच." सोडण्याचा विषय काढला असता तर गाडी तिथेच अडली असती. 'ओढू नका' आणि 'इथे ओढू नका' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. आपल्या हक्काची दुसरीच. टीपॉयवरचा ॲशट्रे मी त्याच दिवशी उचलला. समोर ॲशट्रे दिसला की पाहुणाही न विचारता पेटवतो.

आता पळवाटा. "खिडकीत उभा राहतो." चारशे फुटांच्या घरात खिडकीतला धूर वाऱ्याबरोबर आतच येतो. "पंखा लावतो." पंखा धूर घरभर फिरवतो. अगरबत्ती आणि रूम फ्रेशनरने वास झाकतो, धूर जात नाही. त्यात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, आणि दुसऱ्याच्या धुराची 'एवढा चालेल' अशी मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळ्यात वाईट म्हणजे संडास-बाथरूम. चाळीत गॅलरीत उभं राहून ओढलेला धूर निदान रस्त्यावर जायचा; टॉवरमध्ये बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात आणि तिसऱ्या मजल्यावरचा धूर पाचव्या मजल्यावरच्या टॉवेलांना लागतो. म्हणजे 'माझं घर, माझी मर्जी' म्हणणाऱ्याची मर्जी डक्टमधून दोन घरं वर पोचलेली असते.

वरच्यांनी काय करावं? आधी स्वतः जाऊन बोला, शक्यतो घरातल्या बाईशी. बहुतेक वेळा तीही वैतागलेली असते. मग कमिटीला लेखी अर्ज द्या, त्यात वेळ आणि जागा लिहा. 'नेहमी वास येतो' एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. 'रात्री साडेदहाच्या सुमारास, डक्टच्या बाजूने' असं लिहिलंत तर आम्हाला जाऊन बोलता येतं. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वागू नये, हे उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, आहेच.

जिना, लिफ्ट, लॉबी यांचा मात्र ठरावच करा. तिथे 'ही जागा सार्वजनिक की खासगी' असा वाद घालणारा एक तरी सभासद निघतो. विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत आधीच घाला, आयत्या वेळी आणलात तर गोंधळ होतो. आमचा ठराव असा आहे: 'इमारतीच्या सामाईक जागेत धूम्रपान करू नये. त्यासाठी कंपाउंडच्या मागच्या भिंतीलगतची जागा वापरावी. थोटकं वाळूच्या बादलीतच टाकावीत.' जागा निवडताना तळमजल्याच्या खिडक्या आणि वॉचमनची केबिन, दोन्हींपासून लांब बघा. वॉचमनलाही फुप्फुसं असतात. आणि वर पत्रा टाका. तो नसेल तर जुलैच्या पावसात सगळे पुन्हा जिन्यात येतात, आणि ठराव नोटीस बोर्डावर तसाच राहतो.

आमचे भाऊजी आता खाली जातात. लिफ्ट बंद असली की एखादी कमीच होते म्हणे. कुणाला आपणहून सोडायचीच असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे, सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला. तो फोन ज्याचा त्यानेच करायचा, वहिनीने लावून हातात द्यायचा नाही.