जर्मनीत स्टुडंट परमिट वाढवताय? टेरमिन (अपॉइंटमेंट) मिळाली म्हणजे अर्ज झाला असं समजू नका

कागदांची यादी तुम्हाला एव्हाना पाठ असेल. ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे दाखवायच्या खात्याचा, आकडाही: महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. पासपोर्टची मुदत तेवढी आधी बघा, कारण तिच्यापुढे सहसा परमिट देत नाहीत. यापुढे कागदांबद्दल मी बोलणार नाही, कारण माझं घोडं अडलं ते कागदांत नाही, तारखेत.

परमिट संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज पोहोचला, तर निर्णय लागेपर्यंत जुनं परमिट चालूच धरलं जातं, कामाच्या परवानगीसकट. हे जर्मनीच्या परदेशी रहिवाशांच्या कायद्यातलं कलम ८१, पोटकलम ४. परमिट देणारं परदेशी नागरिकांचं ऑफिस कितीही रेंगाळो, तुमचं काही बिघडत नाही. पण अट अर्जाची आहे, टेरमिनची नाही. मोठ्या शहरात टेरमिन बऱ्याचदा परमिट संपल्यानंतरची मिळते आणि ग्रुपवरचे सीनियर बिनधास्त सांगतात, "बुकिंगचा मेल आहे ना? मग झालं!" काही शहरांत तेवढं चालतं, काहींत नाही. माझ्या शहरात चाललं नाही, आणि त्या दिवाळीत घरी जाणं राहून गेलं ते राहूनच गेलं. दुसऱ्या शहरातल्या सीनियरचा सल्ला आपल्या शहरात लावू नये, हे माझं ठाम मत.

म्हणून टेरमिन असो वा नसो, मुदत संपायच्या बरंच आधी लेखी अर्ज द्या. शहराचं ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथून, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने. पोचपावती जपून ठेवा. एखादा कागद कमी असला तरी अर्ज अडवून धरू नका. राहिलेला मागाहून देता येतो, गेलेली तारीख येत नाही.

मग फिक्शन सर्टिफिकेट, म्हणजे निर्णय लागेपर्यंतचा तात्पुरता दाखला, मागून घ्या. हातात आल्यावर पहिल्यांदा खूण कुठल्या चौकोनात आहे ते बघा. पोटकलम ४ समोर असेल, तर ते, जुनं कार्ड आणि पासपोर्ट घेऊन भारतात जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ समोर असेल, तर जर्मनीबाहेर पाऊल टाकू नका. त्यावर परत प्रवेश मिळत नाही. तिकीट ही खूण बघितल्यानंतरच काढा. परतताना मुंबईत चेक-इन काउंटरवर हा कागद ओळखतीलच असं नाही, म्हणून जरा लवकर पोहोचा.

उशीर झालाच असेल तर आजच अर्ज टाका, सोबत उशिराचं खरं कारण लिहा. निव्वळ नजरचुकीने राहिलं असेल, तर अन्याय्य त्रास टाळण्यासाठी जुनं परमिट चालू धरायचा अधिकार ऑफिसला आहे. लगेच कोणी हाकलून देत नाही, रात्रीची झोप घालवू नका. पण हे त्यांच्या मर्जीवर आहे, हेही विसरू नका. एजंटला पैसे देऊ नका; बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थी संघटनेकडे कायद्याचा सल्ला फुकट मिळतो.

विषय राहिले असतील तर त्याची विचारणा होते. कधी संपवणार याचं विभागाचं पत्र आधीच मागून ठेवा, प्राध्यापक सुट्टीवर गेले की आठवडे जातात. मुदतवाढीची फी साधारण ९३ युरो.