हार्नेस अंगात घालायच्या आधी तो कसा तपासायचा

उंचीवर काम करणाऱ्यांना हार्नेस, म्हणजे पडलं तर धरून ठेवणारा अंगात घालायचा पट्ट्यांचा साज, मिळतो, तो घालायचा कसा हेही कोणीतरी दाखवतं, पण तपासायचा कसा हे फार कमी जणांना नीट शिकवलेलं असतं. खुंटीवरून काढला, एकदा झटकला, वरवर बघितला आणि चढले, असंच बहुतेक ठिकाणी चालतं आणि ते बघून मला खरंच भीती वाटते, कारण पट्ट्याचं नुकसान पुष्कळदा लांबून दिसतच नाही, ते बोटांना लागतं. म्हणून पहिली गोष्ट, हातमोजे काढा, उजेडात या आणि दर वेळी चढायच्या आधी तपासा. काल तपासला होता म्हणून आज चालेल असं नसतं.

सुरुवात पट्ट्यांपासून करा आणि जास्त वेळही तिथेच द्या. पाठीवरची डी-रिंग (इंग्रजी D च्या आकाराची धातूची कडी) धरून हार्नेस उचला म्हणजे सगळे पट्टे सुटे होतात. मग दोन हातांत साधारण १५-२० सेंमी अंतर ठेवून पट्टा धरा आणि उलट्या यू सारखा वाकवा. सरळ पट्ट्यात तुटलेले धागे दबून बसतात, वाकवला की ते वर येतात. असं करत थोडं थोडं सरकत पूर्ण पट्टा बघायचा, दोन्ही बाजूंनी, मांडीच्या पट्ट्याची आतली बाजू आणि बकलखाली लपलेला भाग पण, कारण घासतं तिथेच जास्त. कडेला छोटा काप असला तरी हार्नेस बाद.

काप नसला तरी बऱ्याच खुणा असतात. बोटाला कडक, चकचकीत गाठ लागली तर तिथे धागा वितळलाय, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगची ठिणगी पडली असणार. रंग उडालाय आणि पट्टा वाकवताना ताठ, कोरडा लागतोय तर उन्हाने धागा कमजोर झालाय. कुठे डाग पडून पट्टा मऊ किंवा ठिसूळ झाला असेल तर केमिकलचा संशय घ्या, नायलॉनला ॲसिड खातं आणि पॉलिस्टरला तीव्र अल्कली, त्यामुळे काय सांडलं होतं हे वापरणाऱ्याला विचाराच. रंगकामाचा पेंट लागून पट्टा कडक झाला असेल तर खालचं काहीच दिसत नाही, मग तो चांगला आहे असं धरून चालायचं नाही. आणि कृपा करून पट्ट्यावर मार्करने नाव लिहू नका, काही मार्करमधलं सॉल्व्हंट धाग्याला मारक असतं, नाव टॅगवर लिहा.

मग शिलाई. ती बऱ्याचदा पट्ट्यापेक्षा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने केलेली असते, त्यामुळे तुटलेला टाका पटकन दिसतो. बऱ्याच हार्नेसमध्ये डी-रिंगजवळ पट्टा दुमडून मुद्दाम कच्चा शिवलेला असतो, तो भाग उसवला असेल तर समजायचं की तो घालून कोणीतरी उंचावरून पडलंय. असा पडताना झटका बसलेला हार्नेस बाहेरून कितीही नवा दिसला तरी परत वापरायचा नाही, यात सूट नाही.

डी-रिंग आणि बकल बघायला सोपे. वाकलंय का, तडा, खोल गंज, बोट फिरवल्यावर टोचणारी कड आहे का बघा, बकल लावून जोरात ओढा. भोकांचा पट्टा असेल तर धातूच्या रिंगा हलतात का बघा, आणि कोणी स्वतःहून जास्तीचं भोक पाडलं असेल तर तो हार्नेस बाजूला.

लॅनयार्डच्या, म्हणजे हार्नेस आधाराला जोडणाऱ्या दोरीच्या किंवा पट्ट्याच्या, हुकाचं तोंड उघडून सोडा, आपोआप बंद होऊन लॉक व्हायला हवं, अडकत असेल किंवा एकाच दाबाने उघडत असेल तर नको. शॉक ॲब्सॉर्बरच्या (पडताना बसणारा झटका शोषणारी घडी) पिशवीचं कव्हर फाटलंय का, आतली घडी बाहेर आली का बघा. लॅनयार्डला गाठ मारलेली दिसली तर तो लगेच काढून घ्या, गाठीने ताकद कमी होते. आपोआप गुंडाळणारी लाइफलाइन असेल तर दोर पूर्ण बाहेर काढून बघा, हळूहळू आत सोडा, मग एकदम झटका द्या, लगेच लॉक झाली पाहिजे. झटका देऊनही सरकत राहिली तर ती वापरायची नाही.

एवढं करून हुक पाण्याच्या पाइपला किंवा रेलिंगला अडकवला तर सगळंच वाया. अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमात एका माणसाच्या अँकरला, म्हणजे हुक अडकवायच्या जागेला, ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २२ किलोन्यूटन भार झेलता यावा असं आहे (किंवा पात्र माणसाने, पडताना येणाऱ्या भाराच्या निदान दुप्पट भार झेलेल अशी ठरवलेली रचना), यावरून अंदाज घ्या की कशाला अडकवायचं.

लेबल वाचता येत नसेल तर उत्पादनाची तारीख, सिरीयल नंबर काहीच कळत नाही, त्यामुळे तोही बाद. रोजच्या तपासणीशिवाय वर्षातून निदान एकदा जाणकार माणसाने, म्हणजे तो हार्नेस रोज न वापरणाऱ्याने, तपासून तारखेसह रजिस्टरमध्ये नोंद करायची. धुताना साधा साबण आणि कोमट पाणी, ब्लीच नाही, सुकवायचा सावलीत.

बाद झालेला हार्नेस कोपऱ्यात ठेवू नका. घाईच्या दिवशी कोणीतरी तोच उचलतो. रजिस्टरमध्ये नंबर खोडा, कात्रीने सगळे पट्टे कापा आणि मगच टाका.