शेअर्ड फोल्डरवर ग्रुपला परवानगी दिली, तरी 'अ‍ॅक्सेस डिनाइड'? या चुका टाळा

विंडोज सर्व्हरवर 'लेखा' नावाचा ग्रुप आहे. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये त्याला मॉडिफाय (फाइल बदलण्याची परवानगी) दिलंय. फाइल उघडते, पण सेव्ह करायला गेलं की 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. वैतागून बरेच जण तिथेच एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन मोकळे होतात. हे अजिबात करू नका. पगारपत्रकं सगळ्या ऑफिसला उघडी पडतात आणि मूळ अडचण बहुधा तशीच राहते.

कारण नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन परवानग्या लागतात: शेअरची आणि एनटीएफएसची (म्हणजे सिक्युरिटी टॅबमधली). दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून नवा शेअर केला की तिथे एव्हरीवनला फक्त रीड असतं, म्हणून सिक्युरिटीतलं मॉडिफाय वाया जातं. प्रॉपर्टीज, शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स असं जाऊन ग्रुपला चेंज द्या. सर्व्हरवरच बसून डी ड्राइव्हमधून फोल्डर उघडून पाहिलात, तर शेअरची परवानगी तपासलीच जात नाही. चाचणी दुसऱ्या मशीनवरून, साध्या युजरच्या लॉगिनने आणि नेटवर्क पाथनेच घ्या.

नव्या माणसाला ग्रुपमध्ये घातलं, तरी त्याला फोल्डर उघडत नाही? ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी तयार होते. स्क्रीन लॉक करून उघडणं पुरेसं नाही; पूर्ण लॉग आउट करून परत लॉगिन करायला सांगा. मग त्याच्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हूअ‍ॅमआय /ग्रुप्स' (whoami /groups) चालवा, त्याचे ग्रुप दिसतील. तरीही ग्रुप दिसला नाही, तर त्याचा प्रकार बघा. डिस्ट्रिब्यूशन ग्रुप ईमेलपुरता असतो, परवानगीसाठी सिक्युरिटी ग्रुपच हवा.

डिनायचा, म्हणजे परवानगी थेट नाकारण्याचा, मोह टाळा. एका माणसाला वगळायचं म्हणून त्याच्या ग्रुपला डिनाय लावलं, की त्या ग्रुपमधले सगळेच अडकतात, मग दुसऱ्या ग्रुपमधून त्यांना कितीही मिळालेलं असो. त्या माणसाला ग्रुपमधून काढणं हाच सरळ मार्ग. शिवाय वरच्या फोल्डरवरून वारशाने आलेल्या डिनायवर खालच्या फोल्डरला थेट दिलेला अलाऊ मात करतो, त्यामुळे डिनायने बंद केलेलं फोल्डरही उघडं राहू शकतं.

फाइल त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट करून हलवली, तर जुन्या परवानग्या तिच्यासोबत येतात. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या लागतात. 'त्या फोल्डरमधली एकच फाइल उघडत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. त्या एका फाइलवर 'आयकॅकल्स' (icacls) कमांड '/रीसेट'सह (/reset) चालवा, म्हणजे तिला फोल्डरच्या परवानग्या लागतील. पूर्ण फोल्डरवर '/टी' (/T, आतल्या सगळ्यासकट) लावून चालवलीत, तर खाली मुद्दाम दिलेल्या खास परवानग्याही पुसल्या जातील, म्हणून आधी '/सेव्ह'ने त्यांची नोंद ठेवा.

आणि एरर 1219 आला, तर परवानग्यांना हात लावू नका. त्या मशीनवरून त्याच सर्व्हरला दुसऱ्या नावाने आधीच कनेक्शन झालेलं असतं. 'नेट यूज' चालवून ते शोधा, '/डिलीट'ने तोडा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना पासवर्डही काढा.