पीएचडीचा पेपर पाठवताय? या चुका टाळा

प्रबंध जमा करायची तारीख महिन्यावर आली की फोन येतो. "सर, लवकर लागेल असं एखादं जर्नल सांगा ना." मी विचारतो, पेपर लिहून झालाय का? "तो काय, दोन दिवसांत होईल." घोडं पेंड खातं ते इथेच. 'लवकर' हा निकष धरून शोधायला बसलं की टाळायची नेमकी तीच जर्नलं हाती लागतात.

आणि मुळात ही घाई कशासाठी, हे तरी तपासा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांत प्रबंध जमा करण्याआधी एक पेपर छापून येणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही. काही विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, म्हणून सीनियरच्या सांगण्यावर न जाता पीएचडी विभागातून परिपत्रक मागून घ्या. नसलेल्या अटीसाठी पैसे भरून बसलेले लोक मी पाहिलेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जाहिरात तुम्हालाही आली असेल: केअर लिस्टेड, तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत. यातला पहिलाच शब्द शिळा आहे. केअर ही यूजीसीची दर्जेदार जर्नलांची यादी; ती यूजीसीनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि जर्नलची पारख विद्यापीठांवर व संशोधकांवर सोपवली. यादी चालू होती तेव्हाही तिच्यातल्या जर्नलांची नावं चोरून हुबेहूब वेबसाइट उभ्या राहत. त्याआधीच्या 'मान्यताप्राप्त' यादीतून तर मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं एकदम काढावी लागली होती.

मग पारख करायची कशी? जर्नलचे मागचे दोन अंक उघडून वाचा. एकाच अंकात संस्कृत नाटक, जीएसटी आणि कपाशीवरची बोंडअळी शेजारी शेजारी असतील तर तिथूनच परत फिरा. आयएसएसएनवर, म्हणजे जर्नलच्या नोंदणी क्रमांकावर, भाळू नका. गाडीला नंबर प्लेट आहे म्हणजे ब्रेक लागतात असं नाही. तो नंबर आयएसएसएन पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का ते मात्र जरूर बघा. 'स्कोपस इंडेक्स्ड' (स्कोपस या संशोधन-सूचीत नोंद असलेलं) असा दावा असेल तर स्कोपसची स्रोत-यादी फुकट पाहता येते. तिथे जर्नल सापडलं तरी त्याचं कव्हरेज (नव्या अंकांची नोंद) थांबलेलं नाही ना, हेही पाहा. फी मागितली म्हणजे फसवणूकच, असं मात्र नाही. अनेक चांगली ओपन अ‍ॅक्सेस (वाचकाला फुकट असणारी) जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात. पण पेपर कुणी वाचायच्या आत पैशांची घाई करणारं जर्नल नको.

दुसरी चूक जर्नलची नाही, आपली. प्रबंधातलं प्रकरण कापायचं आणि 'पेपर' म्हणून पाठवायचं. समजा, विषय बीडमधून साखर पट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांचा आहे. प्रकरणात सहकारी कारखानदारीचा इतिहास येतो, दुष्काळ येतो, स्थलांतराचे सिद्धांत येतात. संपादक पहिली दोन पानं चाळतो, प्रश्न सापडत नाही, आणि पेपर रिव्ह्यूअरकडे, म्हणजे तो तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, न जाताच परत येतो. तोच माल घेऊन एवढंच विचारा: मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) हंगामात फिटली नाही, तर पुढच्या हंगामात कुठल्या मुकादमाकडे जायचं हे त्या कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या, हातात किती उरतं? आता पेपर झाला. इतिहासाला एक परिच्छेद पुष्कळ.

सिमिलॅरिटीचा, म्हणजे मजकूर आधीच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो त्याचा, आकडा खाली आणायला समानार्थी शब्द पेरत बसण्याचा उद्योग तर सोडाच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण अवतरणचिन्हांत घालून संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची यात मोजायची नसते, मग भीती कसली? आपलाच मराठी पेपर इंग्रजीत करून नवा म्हणून पाठवणं सॉफ्टवेअरला कदाचित दिसणार नाही. तरी ते चूकच. संपादकाला आधी कळवा आणि पेपरात तशी नोंद करा. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहा, त्यातले काही अस्तित्वातच नसतात.

रिव्हिजन, म्हणजे 'दुरुस्त करून पुन्हा पाठवा' असं उत्तर, आली की रागावू नये, हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या पहिल्या पेपरला रिव्ह्यूअरने सतरा शंका काढल्या. मी 'सर्व बदल केले आहेत' एवढी एक ओळ लिहून पाठवलं. पेपर नाकारला गेला, आणि बरोबरच होतं. आता प्रत्येक शंका जशीच्या तशी उतरवतो, खाली उत्तर आणि पान-ओळ क्रमांक लिहितो. पटलं नाही तिथे कारण देऊन नम्रपणे नकार देतो, तोही चालतो. तीन-चार महिने काहीच कळलं नाही तर संपादकाला दोन ओळींची मेल करा. वाट पाहून कंटाळलात म्हणून तोच पेपर दुसरीकडे टाकू नका. आधी पहिल्या जर्नलकडून मागे घ्या, तसं उत्तर येऊ द्या, मगच पाठवा.

आणि बनावट जर्नलला पेपर गेलाच असेल तर? गाइडना आजच सांगा. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका, पैसे भरू नका, पेपर मागे घेत असल्याचं मेलवर लिहून कळवा. मागे घ्यायचेही पैसे मागतात काही जण. ते न देता ती मेल जपून ठेवा. उद्या त्यांनी पेपर परस्पर छापला आणि दुसऱ्या संपादकाने विचारलं, तर तुमच्याकडे दाखवायला तेवढाच कागद असेल.