बोल्ट बदलताना डोक्यावरचा आकडा वाचावा
गाडीचा बोल्ट बदलताना केवळ जाडी आणि आटे जुळले म्हणून नवा बसवू नये. आधी डोक्यावरचा आकडा वाचावा. 8.8 मधील पहिला 8 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताणशक्ती, तर दुसरा 8 सांगतो की तिच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 न्यूटनला, बोल्ट कायमचा लांबू लागतो. 10.9 च्या जागी चकचकीत स्टेनलेसचा ए2-70 बसवणे ही नेहमीची चूक. तो सहसा गंजत नाही, पण त्याची ताकद 700 चीच असते. आपोआप सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनचे कडे असलेला नट, म्हणजे लॉकनट, सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या पुढे चालत नाही. इंजिनच्या गरम भागाजवळ पूर्ण धातूचा लॉकनट घ्यावा, आणि बोटांनी सहज फिरणारा जुना लॉकनट टाकूनच द्यावा.