टोकाच्या खोल्यांत लिजिओनेला पुन्हा पुन्हा: पाइप बारीक केल्यावर सुटलेला प्रश्न

लक्षण: वॉर्डाच्या शेवटच्या खोल्यांत नळ दोन मिनिटं सोडला तरी थंड पाणी 25 अंशांखाली येईना, नमुना दर वेळी लिजिओनेला (कोमट, साचलेल्या पाण्यात वाढणारा, न्यूमोनिया करणारा जिवाणू) पॉझिटिव्ह. क्लोरीनचा जादा डोस, नळांच्या जाळ्या बदलणं, सगळं झालं. काही आठवड्यांत पुन्हा तेच. वैताग आला होता.

मग मागणी मोजली. त्या खोल्यांकडे जाणाऱ्या शाखा-पाइपाच्या तोंडाशी अल्ट्रासॉनिक मीटर, 14 दिवस, दर सेकंदाला नोंद (मिनिटाच्या सरासरीत खरा कमाल प्रवाह दडतो). कमाल 0.4 लिटर प्रति सेकंद, दिवसाचा वापर जेमतेम 90 लिटर. आणि 50 मिमी आतल्या व्यासाच्या 60 मीटर पाइपात मावतं 118 लिटर! फिक्स्चर युनिटच्या (प्रत्येक नळाला ठरावीक गुण देऊन मागणीचा अंदाज) जुन्या हिशोबाने पाइप जाड धरला होता; पाणी दिवसभराहून जास्त पडून राहायचं.

सर्वात आधी, वापरातून गेलेल्या सिंकच्या फांद्या थेट टी-पाशी (तीन तोंडांच्या जोडापाशी) कापल्या. टोकाला नुसती टोपी लावली तर साचलेलं पाणी तसंच राहतं. मग दाब तपासून 25 मिमीचा पाइप: 29 लिटर साठा, कमाल वेग 0.8 मीटर प्रति सेकंद. गरम लाइनपासून अंतर, दोन्हींना इन्सुलेशन. त्यानंतरच निर्जंतुकीकरण, आणि टोकाच्या नळावर ऑटो-फ्लश (ठरावीक वेळाने आपोआप पाणी सोडणारी सोय).

नमुना लगेच घेऊ नका, उरलेलं क्लोरीन खोटा निगेटिव्ह देतं. आता पाणी 20 अंशांखाली, नमुने निगेटिव्ह.